मुलीच्या क्रोशेकामाचा व्यवसाय होईल का?

सप्रेम नमस्कार, ताई.

पत्र मिळालं, सोबतच्या हिशेबाच्या वहीच्या पानांचे फोटोही पाहिले. तुमची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजीकडून क्रोशे शिकली आणि गेलं वर्षभर इन्स्टाग्रामवरून ससे, की-चेन आणि तोरणं विकते आहे. दिवाळीत रात्री जागून ऑर्डरी पुऱ्या केल्या आणि सेमिस्टरला एक विषय राहिला. आता तिचे बाबा म्हणतात, हे बंद कर. ती म्हणते, कॉलेज सोडते, ५० हजारांचं मुद्रा कर्ज काढते आणि पूर्णवेळ हेच करते.

कॉलेज सोडू नये, कर्ज आत्ता काढू नये आणि काम बंदही करू नये, असं माझं मत आहे. कारण तिच्या वहीतच आहे. वहीत विक्री आहे, सुताचा खर्च आहे, वेळ मात्र कुठेच लिहिलेला नाही. हातकामाच्या धंद्यात खरा कच्चा माल वेळच असतो, सूत स्वस्तच असतं.

तिचा ४५० रुपयांचा ससा घ्या. ७० ग्रॅम सुताचे ६३ रुपये, आत भरायच्या फायबरचे १५, डोळ्यांचे ८, खोका आणि टॅग मिळून ३०, म्हणजे ११६ रुपये खर्च. तिच्या लेखी नफा ३३४. हात बसलेल्या मुलीलाही १५ सेंटिमीटरचा ससा विणून, भरून, हातपाय जोडायला ७ तास लागतात असं धरा. त्यावर फोटो, गिऱ्हाइकाशी चॅटिंग, पॅकिंग, कुरिअरवाल्याची वाट पाहणं, याचा एक तास. आठ तासांना ३३४, म्हणजे तासाला जेमतेम ४२ रुपये. आता १२० रुपयांची की-चेन बघा. सूत, कडी आणि पाकीट मिळून २५ रुपये, सगळं धरून वेळ एक तास. तासाला ९५ रुपये सुटतात. सशाचे फोटो छान येतात, लाइक्स त्यालाच पडतात, म्हणून ती ससेच विणत बसते. हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे आणि वेळ लिहिल्याशिवाय तो दिसत नाही.

तेव्हा पहिलं काम असं: वहीत आणखी तीन रकाने पाडा. विणायचा वेळ, इतर वेळ आणि तासाला सुटलेली रक्कम. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. विणायच्या आधी आणि नंतर सुताची गुंडी तोलली की सूत नेमकं किती गेलं ते कळतं. दोन महिन्यांत कुठल्या वस्तू ठेवायच्या आणि कुठल्या सोडायच्या हे वहीच सांगेल. मुलगी कॉमर्सची आहे, परिव्ययांकन, म्हणजे कॉस्टिंग, अभ्यासक्रमात असतंच. ते घरच्या मालावर करून बघायला हरकत नाही.

पूर्णवेळचं गणितही आत्ताच करा. रोज ४ तास आणि महिन्याला २५ दिवस म्हणजे १०० तास. ९५ रुपयांनी साडेनऊ हजार होतात, तेही सगळा माल खपला तर. आठ तास बसली तर १९ हजार, पण मनगट आणि अंगठा रोज आठ तास सुई सोसत नाहीत. पाऊण तासाला उठून हात मोकळे करणं, रबरी मुठीची सुई वापरणं हे आत्तापासूनच लागतं. म्हणजे एकटीच्या हातांची कमाल मर्यादा ही आहे. ती ओलांडायची तर दर वाढवावा लागतो, नाहीतर दुसऱ्यांचे हात जोडावे लागतात किंवा विद्या विकावी लागते.

दर वाढवायला वस्तू बदलावी लागते. त्याच सशाला ९०० रुपये कुणी देत नाही, कारण शेजारच्या पानावर तो ४०० ला दिसतो. महाराष्ट्रात क्रोशेकामाचं हक्काचं गिऱ्हाईक जुनंच आहे: बाळंतविडा आणि रुखवत. टोपरं आणि मोजे, हलक्या खोक्यात नीट मांडलेला संच, ७०० रुपये. सूत आणि खोका ११०, वेळ ५ तास, म्हणजे तासाला ११८ रुपये. आत्या, मावशी, आजी बारशाला देतात तेव्हा दहा दुकानं फिरून भाव पाडत नाहीत. त्यांना वेळेवर हवं असतं. बारसं बाराव्या दिवशी, म्हणून ऑर्डर ऐन वेळी येते. पिस्ता, लोण्यासारखा पिवळा, पांढरा अशा रंगांचे पाच-सहा संच तयार ठेवलेत तर धावपळ होत नाही. रुखवतासाठी रुमाल, ताटावरची झाकणं, तोरण यांना मागणी असते, पण तोरणाचे तास मोजूनच दर सांगा. तिच्या वहीतलं ९०० रुपयांचं तोरण सुताचे, मण्यांचे आणि पॅकिंगचे २७० वजा जाता १६ तासांचं धरलं, तर तासाला ४० सुद्धा पडत नाहीत.

बाळाच्या वस्तूंत चुका महाग पडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर आणि तीन महिन्यांनी ४० च्या आसपास असतो. जन्माच्या मापाचं टोपरं लवकरच लहान होतं, तेव्हा तीन महिन्यांच्या मापाचं करा. विणलेलं ताणतं, म्हणून घेर डोक्यापेक्षा २ ते ३ सेंटिमीटर कमी ठेवायचा. सूत कॉटन किंवा मिल्क कॉटन, केसाळ लोकर नको. टोपऱ्याला लांब बंद लावू नयेत, गळ्याशी फास बसू शकतो. मोज्याच्या आतल्या बाजूला सैल धागा राहिला तर बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडतं. म्हणून प्रत्येक टोक निदान ५-६ सेंटिमीटर एका दिशेला ओवायचं, मग उलट फिरवून परत ओवायचं आणि मगच कापायचं. मणी, बटणं, चिकटवलेले डोळे बाळाच्या मालावर अजिबात नकोत. डोळे दोऱ्यानं भरावेत.

लाल, गर्द निळा आणि काळा यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नमुना ओला करून पांढऱ्या फडक्यावर अर्धा तास दाबून ठेवा. डाग पडला तर तो रंग पांढऱ्याशेजारी वापरायचा नाही. गुंडीवरच्या चिठ्ठीवर डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या सुताच्या खेपेचा, क्रमांक असतो. एका संचासाठी एकाच क्रमांकाच्या गुंड्या घ्या, नाहीतर उजव्या आणि डाव्या मोज्यात छटेचा फरक उन्हात लगेच दिसतो. ॲक्रिलिकवर वाफेची इस्त्री फिरली की टाका कायमचा चपटा होतो. वस्तूसोबत धुण्याची चिठ्ठी द्या: गार पाणी, हातानं, पिळू नये, सावलीत आडवं वाळवावं. तक्रारी बहुतेक धुतल्यानंतरच येतात.

बाहुल्या विणायच्याच असतील तर सुताच्या पट्टीवर लिहिलेल्या सुईपेक्षा एक-दोन माप बारीक सुई वापरा. ४ मिलिमीटर सांगितलं असेल तर ३.५ किंवा ३. मुका खांब (सिंगल क्रोशेचा टाका) घट्ट पडला नाही तर भरलेलं फायबर टाक्यांतून डोकावतं. आणि एक नियम आहे, तो इन्स्टाग्रामवर विकणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतो. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून देशात आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा विणलेले ससे ‘खेळणं’ म्हणून विकायचे असतील तर आधी कारागीर ओळखपत्र, ज्याला ‘पहचान’ कार्ड म्हणतात, त्यासाठी जवळच्या हस्तशिल्प सेवा केंद्रात अर्ज करावा. नुसतं ‘शोपीस’ असं लेबल लावून दुपट्यातल्या बाळाशेजारी फोटो टाकणं म्हणजे स्वतःलाच गोत्यात आणणं.

बाकी कागदपत्रं फारशी नाहीत. छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर मोफत होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या, सरकारी दिसणाऱ्या वेबसाइट्स आहेत, त्यांच्या नादी लागू नका. राज्यातल्या राज्यात वस्तू विकताना ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन बाजारांवरही १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटीशिवाय विकता येतं, मात्र पोर्टलवर नावनोंदणी करावी लागते आणि माल राज्याबाहेर जाता कामा नये. राज्याबाहेर, म्हणजे बेळगाव किंवा इंदूरला पाठवायला सुरुवात झाली की सी.ए.ला एकदा विचारून घ्या. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना तिथे वेगळी सवलत आहे, तुमची वस्तू त्यात बसते का ते तो सांगेल. आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात, वेगळ्या क्यूआर कोडवर घ्या. आईच्या खात्यात आलेले पैसे किराण्यात जातात आणि मग हिशेब जुळत नाही.

कुरिअरमध्ये पैसे कुठे जातात तेही बघा. बहुतेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ३५ × १५ × १५ च्या खोक्यातला विणलेल्या फुलांचा गुच्छ काट्यावर २०० ग्रॅम भरतो आणि बिल येतं १.५७५ किलोचं, म्हणजे बहुधा पुढच्या टप्प्याचं. म्हणून मोठे गुच्छ फक्त गावातल्या गावात, हातपोच. बाहेरगावी चपट्या पाकिटात जाईल तेच: राख्या, की-चेन, टोपरी, बुकमार्क.

दुकानदार विक्रीच्या किमतीतले साधारण ३० ते ४० टक्के मागतात, तेही ‘विकलं तर पैसे’ या बोलीवर. न विकलेला माल चार महिन्यांनी धुळकट होऊन परत येतो. म्हणून दुकानाला रोखीनं, थोडा माल, एवढंच. प्रदर्शनाचा स्टॉल घेताना भाड्याच्या पाचपट विक्री होईल एवढा माल हाताशी आहे का ते तपासा. ३ हजार भाडं असेल तर १५ हजारांचा माल हवा. सरासरी १५० रुपयांची वस्तू धरली तर १०० नग आणि १०० हून जास्त तासांचं विणकाम. महिनाभर आधी ठरलं असेल तरच हो म्हणा.

दुसऱ्यांचे हात जोडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण धंदा वाढायचा असेल तर वाट तीच आहे. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे पिढ्यान् पिढ्या बायका घरी बसून नगावर विणतात आणि पैसा मुख्यतः ऑर्डर आणणाऱ्या व्यापाऱ्याकडे राहतो. तुमच्या मुलीनं ऑर्डर आणणारी व्हावं, पण विणणारीला तासाचा दर नीट पडेल असाच नगाचा भाव ठरवावा. अडचण येते ती मापाची. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल, एकच नमुना आणि एकच सुई असूनही एक ससा १४ सेंटिमीटरचा होतो, दुसरा १७. म्हणून एका वस्तूचे जोडीचे भाग दोघींत वाटायचे नाहीत. दोन्ही मोजे, दोन्ही कान एकाच हातचे. सूत तोलून द्यायचं, उरलेलं तोलून परत घ्यायचं आणि नमुना तोंडी न सांगता ओळीवार लिहून द्यायचा: पहिली फेरी ६ मुके खांब, दुसरीत प्रत्येकात दोन, एकूण १२. असं लिहायची सवय लागली की नमुने विकता येतात, शनिवार-रविवारचे क्लास घेता येतात. सुई, मोजलेलं सूत आणि नमुना घालून किट करता येतं. किटला विणायचा वेळ लागत नाही, म्हणून तासाच्या हिशेबात ते बहुतेक सगळ्या वस्तूंच्या पुढे जातं. नमुने मात्र स्वतःचे हवेत. यूट्यूबवरचा नमुना पाहून वस्तू विणून विकायला काही डिझायनर परवानगी देतात, काही देत नाहीत, पण तो नमुना छापून विकायला सहसा कुणीच देत नाही. कार्टूनमधली पात्रं तर विकायला विणूच नयेत.

मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं हे खरं. पण या कामाला ५० हजार लागतात कशाला? २ ते ४ मिलिमीटरच्या पाच सुया, वजनकाटा, दहा रंगांचं सूत, थोडे खोके, एवढं पाच-सहा हजारांत होतं. जास्त पैसा हातात आला की तो चाळीस रंगांच्या गुंड्यांत अडकतो आणि हप्ता दर महिन्याला असतो. किटचे घाऊक ऑर्डर हातात असतील तेव्हा कर्जाचा विचार करा.

शिक्षणाचं म्हणाल तर बी.कॉम. पूर्ण करावं. त्यानंतरही ओढ अशीच राहिली तर निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या) पदव्युत्तर डिझाइन प्रवेशपरीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, आणि निफ्टच्या मुंबई केंद्रात निटवेअर डिझाइनचा पदवी अभ्यासक्रमही आहे, त्याची माहिती काढून ठेवा. २५ हजारांच्या ऑनलाइन ‘क्रोशे बिझनेस’ कोर्सची जाहिरात तिनं पाठवली आहे, तो घेऊ नये. टाके तिला येतात, हिशेब कॉलेजात शिकवतात.

बाबांशी बोलताना तिनं एक कागद पुढे ठेवावा: परीक्षेआधीचा पूर्ण महिना आणि परीक्षा संपेपर्यंत ऑर्डर बंद, तसं इन्स्टाग्रामच्या पानावर ठळक लिहिलेलं. एरवी आठवड्याला १५ तास, त्यात मावेल एवढंच काम, निम्मे पैसे आगाऊ. राख्यांचं विणकाम जूनमध्ये सुरू आणि राखीपौर्णिमेच्या दहा दिवस आधी ऑर्डरी बंद, म्हणजे कुरिअर वेळेत पोचतं. दिवाळीच्या तोरणांची यादी गणपती उठले की बंद. राहिलेला विषय आधी सुटू दे. तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर वहीतले आधीचे बारा महिने काढून बसा. तासाला शंभराच्या पुढे सरासरी पडत असेल आणि महिन्याला निदान पाच ऑर्डरी जुन्या गिऱ्हाइकांच्या असतील, तर एक वर्ष पूर्णवेळ करून बघायला माझी ना नाही. ते वर्ष संपलं की पुन्हा वही घेऊन लिहा.

आपला,
करिअर मार्गदर्शक