रिपोर्ट आला म्हणून घाई नको

दादा, रिपोर्टवर प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर लिहिलाय म्हणून उद्याच ऑपरेशन, असं नसतं. हा आजार बहुतेकदा सावकाश वाढतो. आधी ग्लीसन स्कोअर पाहा, म्हणजे बायोप्सीच्या रिपोर्टवरचा, कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा. तो ६ आणि पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) १०च्या आत असेल, तर अनेकदा नियमित तपासण्या करत नुसती देखरेखही चालते. मी घाबरून पहिल्याच आठवड्यात तारीख घेतली होती. मुलीने हट्टाने दुसरं मत घ्यायला लावलं, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. युरोलॉजिस्टबरोबर रेडिएशनच्या डॉक्टरांनाही भेटा. उपचारांनंतर लघवीवरचा ताबा आणि शरीरसंबंध यांचं काय होईल, हे न लाजता विचारा.

आजार हाडांत गेला असेल तर हार्मोनची इंजेक्शनं बराच काळ घ्यावी लागतात. खर्च झेपत नसेल तर अंडकोष काढण्याच्या छोट्या ऑपरेशनचं विचारा. ऐकायला जड वाटतं, पण टेस्टोस्टेरॉन (ज्यावर हा कॅन्सर वाढतो तो पुरुषी हार्मोन) त्यानेही इंजेक्शनांइतकंच खाली येतं.

पैशांसाठी रेशनकार्ड घेऊन राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या माणसाला) गाठा. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात जाणार असाल तर तिथल्या समाजसेवा विभागात राहण्याची सोय विचारा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही आहे. आणि वहिनींना प्रत्येक भेटीला सोबत न्या. डॉक्टर बोलतात त्यातलं निम्मं आपल्या डोक्यात शिरत नाही.