60 लाख कशाला हवेत?

प्रिय प्राध्यापकबाई,

आता तुला असंच म्हणायला हवं. तासिका तत्त्वावरची वणवण संपून कायम नेमणुकीची ऑर्डर हातात पडली, त्याचा आनंद फोनवर सांगून झालाय, म्हणून तू वाचायला पाठवलेल्या संशोधन प्रस्तावावर थेट येतो.

शीर्षक तीन ओळींचं आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या भूजलातलं फ्लोराइड, नायट्रेट आणि जड धातू, शाळकरी मुलांच्या दातांची तपासणी, आणि शेवटी फ्लोराइड काढून टाकणारं नॅनो-पदार्थाचं फिल्टर. कालावधी 3 वर्षं, मागणी 60 लाख. एवढे कशाला, असं विचारलं तर तू म्हणालीस, "सर, योजनेची मर्यादाच 60 लाख आहे, मग कमी का मागायचे?" हे पत्र त्या वाक्यामुळे लिहितोय.

मर्यादा हा काही भाव नसतो. एएनआरएफ या संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँटमध्ये, म्हणजे तरुण शिक्षकांसाठीच्या अनुदानात, 60 लाखांपर्यंत मिळू शकतात हे खरं. पण समितीवर बसलेला माणूस तुझा आकडा योजनेच्या मर्यादेशी लावून पाहत नाही, तुझ्या प्रश्नाशी लावून पाहतो. मी अशा बैठकांना बसलोय. सकाळपासून प्रस्ताव वाचून डोळे जड झालेले असतात, चहा थंड झालेला असतो, आणि आठ जिल्हे, तीन प्रदूषकं, दात आणि फिल्टर हे सगळं एका सहायक प्राध्यापकाच्या नावावर दिसलं की कुणीतरी हळूच म्हणतो, "हे होणार कसं?" त्यानंतर बजेटचं पान कुणी उघडतही नाही.

म्हणून प्रश्न आधी छाटू. तू नांदेड जिल्ह्यातल्या किनवटला आहेस, हीच तुझी मोठी जमेची बाजू, आणि तीच प्रस्तावात कुठे दिसत नाही. नांदेडच्या पूर्वेकडे बेसॉल्टचा थर संपून ग्रॅनाइटसारखे जुने खडक वर येतात. फ्लोराइड येतं ते मुख्यतः त्या खडकांतल्या खनिजांतून. पाणी जितका काळ खडकाच्या सहवासात, तितकं ते जास्त उतरतं. पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम, बायकार्बोनेट जास्त असलं की आणखी वाढतं. त्यामुळे एकाच गावात उथळ आडाचं पाणी बरं आणि खोल बोअरचं वाईट, असं होऊ शकतं. हा प्रश्न तुझ्या दाराशी आहे: किनवट तालुक्यात खोली, खडक आणि ऋतू यांनुसार फ्लोराइड कसं बदलतं, आणि कोणत्या गावाने कोणता स्रोत पिण्यासाठी राखून ठेवावा? एवढाच प्रश्न विचार. जड धातू काढून टाक. ते यादीत आहेत कारण ते सगळ्यांच्याच यादीत असतात.

आता हिशोब. 60 विहिरी आणि बोअर निवड. मे महिन्यात एकदा, नोव्हेंबरमध्ये एकदा, अशी दोन वर्षं. 240 नमुने झाले, प्रत्येक दोनदा मोजला तर 480 वाचनं. हे काम तुझ्या प्रयोगशाळेत होतं का? होतं. तू आयन क्रोमॅटोग्राफ, म्हणजे पाण्यातले आयन वेगळे करून मोजणारं महागडं यंत्र, मागितलायस. तो आला तर बसवायला एसीची खोली लागेल, तीन वर्षांनी कॉलम बदलायला पैसे नसतील, आणि मग त्याच्यावर पांढरं कापड पडेल. अशी कापडं मी पुष्कळ पाहिलीत. फ्लोराइडसाठी फ्लोराइड आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड आणि चांगला मीटर पुरतो. लॅन्थॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा तो इलेक्ट्रोड, सोबत टिसाब बफर (वाचन स्थिर ठेवणारं द्रावण), रोज सकाळी ताज्या प्रमाणित द्रावणांवर कॅलिब्रेशन. नमुने काचेच्या नव्हे, पॉलिथिलीनच्या बाटल्यांत. हे चार तपशील प्रस्तावात लिही. हात लावून काम केलेला माणूस लिहितोय, हे परीक्षकाला तिथेच कळतं. एरवी "आधुनिक उपकरणांद्वारे विश्लेषण केले जाईल" हे वाक्य कुणीही लिहू शकतो.

मोठं यंत्र थोड्या नमुन्यांसाठीच लागत असेल तर विकत मागू नकोस, वापर मागायचा. आयआयटी मुंबईत सैफ ही मोठ्या यंत्रांची सामायिक प्रयोगशाळा आहे, तिथे शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. 2020 मध्ये सुरू झालेलं आय-स्टेम पोर्टल आहे, देशात कुठे कोणतं यंत्र बाहेरच्यांना वापरता येतं ते तिथे दिसतं. विश्लेषण शुल्क म्हणून बजेटमध्ये एक ओळ टाक. ती ओळ पाहून समितीला बरंच वाटतं.

खरा खर्च माणसाचा. जेआरएफ, म्हणजे पाठ्यवृत्तीवर काम करणारा कनिष्ठ संशोधक, ठेवलास तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि तिसऱ्या वर्षी 42,000. बेरीज कर: 13 लाख 92 हजार, घरभाडे भत्ता वेगळा. तुझ्या मसुद्यात दोन जेआरएफ आहेत. दोघं मिळून करणार काय, हे कुठे लिहिलेलं नाही, आणि नेट झालेली दोन मुलं किनवटला तीन वर्षं थांबतील याचीही मला खात्री नाही. एक ठेव. माझ्या अंदाजाने माणूस, इलेक्ट्रोड-मीटर, रसायनं, गाडीभाडं, विश्लेषण शुल्क आणि कंटिंजन्सी (किरकोळ खर्च) धरून तुझं सगळं 25 लाखांच्या आतच बसेल. गाडीभाडं मात्र कंजुषीने लिहू नकोस. सगळे तिथेच कमी लिहितात आणि मग मे महिन्याच्या उन्हात स्वतःच्या स्कूटीवर बाटल्यांची क्रेट घेऊन हिंडतात.

मुलांच्या दातांचं काय? कल्पना चांगली आहे, पण माणसांवरचा अभ्यास म्हटला की संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आली, पालकांची लेखी संमती आली, आणि दात पाहणारा दंतवैद्य आला. रसायनशास्त्राची प्राध्यापक मुलांचे दात तपासणार, हे पहिल्याच परीक्षकाला खटकेल. करायचंच असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी कुणी सहसंशोधक मिळतो का पाहा आणि तो पुढचा, वेगळा प्रस्ताव कर. फिल्टरचंही तसंच. तुझ्या संदर्भयादीत नॅनो-पदार्थांवरचे परदेशी लेख भरपूर आहेत, पण तुरटी आणि चुन्याचं नालगोंडा तंत्र, जे आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत पाण्यातलं फ्लोराइड काढण्यासाठी विकसित झालं, त्याचा उल्लेखही नाही. हे क्षेत्र माहीत असलेला परीक्षक तिथेच पेन खाली ठेवेल.

तर आता योजना. तू म्हणतेस, योजना इतक्या आहेत की कळत नाही. नावं पाठ करू नकोस, ती टिकत नाहीत. तरुण शास्त्रज्ञांसाठीची योजना आधी फास्ट ट्रॅक होती, मग अर्ली करिअर झाली, मग स्टार्टअप रिसर्च ग्रँट, आता पंतप्रधान अर्ली करिअर. देणारं सर्ब हे मंडळ 2008 च्या कायद्याने आलं आणि 2024 मध्ये एएनआरएफमध्ये विलीनही झालं. यूजीसीच्या मायनर प्रोजेक्टवर आमच्या पिढीतली निम्मी कॉलेजं संशोधन शिकली. तेही बंद झाले. प्रत्येक देणाऱ्याला काय हवंय, एवढंच ओळखायचं. एएनआरएफला नवा शास्त्रीय प्रश्न हवा असतो. "अमुक भागातील पाण्याची गुणवत्ता" एवढ्याने भागत नाही, खडक आणि पाणी यांच्यातली नेमकी क्रिया तू काय उलगडणार ते लागतं. राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाला स्थानिक लोकांना उपयोगी पडणारं काम हवं असतं, आणि विद्यापीठांमार्फत ते पैसा देतात. तुझा "कोणता स्रोत पिण्यासाठी राखावा" हा भाग तिथे शोभेल. एकच प्रस्ताव दोन्हीकडे तसाच पाठवायचा नाही. दुसरीकडे अर्ज केला आहे का, हे विचारतातच, आणि खरं लिहावं लागतं.

टेअर नावाची योजनाही नीट वाच. ती राज्य विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठीच आखलेली होती: आपलं कॉलेज न सोडता आयआयटीसारख्या संस्थेत वर्षातला काही काळ जाऊन काम करायचं. पैसा मोठा नाही, पण एकट्या पडलेल्या शिक्षकाला सोबत मिळते. अर्ज सध्या मागवलेत का, ते पोर्टलवर पाहा.

तुझ्या इतिहासवाल्या मैत्रिणीला निरोप दे. तिने आमच्या विज्ञानाच्या खिडक्यांसमोर उभं राहू नये. आयसीएसएसआर ही संशोधन परिषद 1969 पासून सामाजिक शास्त्रांसाठीच आहे, त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबईतच आहे. आणि तिचा तमाशाच्या फडांच्या वह्यांचा विषय बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सला रुचू शकेल. तिथे अर्ज मराठीतही चालतो. इंग्रजीच्या धाकाने तिने दोन वर्षं फुकट घालवली आहेत, हे तिला माझ्या नावाने सांग.

परत तुझ्याकडे. कुठेही अर्ज करण्याआधी हातात थोडे आकडे हवेत, आणि ते पैशावाचून मिळतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी तालुक्यात असतात. नांदेडच्या कार्यालयात प्राचार्यांच्या पत्रासह जा आणि जुनी वाचनं माग. विद्यापीठाच्या अंतर्गत योजनेची परिपत्रकं कॉलेजच्या फायलीत पडून असतील, ती शोध. तिथली छोटी रक्कमही इलेक्ट्रोडला पुरेल. एम.एस्सी.च्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये 20 विहिरी मोजून घे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा पर्यायच नसेल तर 1.5. तुझ्या 20 पैकी किती विहिरी त्या रेषेच्या वर गेल्या, याचा एक नकाशा पहिल्या पानावर आला की तुझा प्रस्ताव बाकीच्या गठ्ठ्यातून आपोआप वर येतो. आणि ते पहिलं पान स्वतःच्या भाषेत लिही. आजकाल निम्मे प्रस्ताव एकाच यंत्राने लिहिल्यासारखे गुळगुळीत येतात. परीक्षक ते ओळखतो.

कॉलेजचं ऑफिस हा शेवटचा मुद्दा, पण प्रस्ताव अडतात ते बहुतेक वेळा तिथे. कॉलेज यूजीसी कायद्याच्या 2(एफ) आणि 12(बी) कलमांखाली, म्हणजे केंद्राच्या अनुदानाला पात्र म्हणून, मान्य आहे का, त्याचं पत्र कुठल्या कपाटात आहे, हे आजच हेडक्लार्कना विचार. संस्थाप्रमुखाचं एन्डॉर्समेंट पत्र ठरलेल्या नमुन्यातच लागतं, लेटरहेडवर, सही-शिक्का आणि जावक क्रमांकासह. शेवटच्या दिवशी प्राचार्य बैठकीला मुंबईला गेलेले असतात, हे गृहीत धर. मंजूर झाल्यावर पैसा पीएफएमएस या सरकारी पैसेवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीतून येईल आणि वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र 12-ए नमुन्यात जाईल. अकाउंटंटशी आत्तापासून नीट वाग. एका कॉलेजात प्रकल्पाचे पैसे जनरल खात्यात मिसळले गेले, खर्चाचं विवरण वेळेत गेलं नाही आणि पुढचा हप्ता दीड वर्ष लटकला. संशोधक मुलगा हुशार होता, त्याचा काही दोष नव्हता. स्वतंत्र खातं माग. व्याज तुझं नसतं, ते सरकारला परत करावं लागतं, हेही त्यांना आधीच सांगून ठेव.

सहकारी म्हणतील, मोठी रक्कम घे, कॅसला, म्हणजे बढतीच्या योजनेत, गुण मिळतात. मिळतात खरे: 10 लाखांवरचा प्रकल्प पूर्ण झाला तर 10, त्याखालचा झाला तर 5. पण त्यातला "पूर्ण झाला" हा शब्द वाच. 25 लाखांचा पुरा झालेला प्रकल्प आणि 60 लाखांचा पुरा झालेला प्रकल्प यांना गुण सारखेच.

नामंजुरी येईल, बहुधा पहिल्यांदा येईलच. त्यासोबत परीक्षकांचे शेरे आले तर मला पाठव. एखादा शेरा मूर्खासारखा वाटेल, तरी त्याने कोणत्या पानावर वाचणं सोडलं ते त्यातून कळतं.

सगळा प्रस्ताव पुन्हा लिहायला बसू नकोस. पहिलं पान आणि बजेटचा तक्ता, एवढंच दिवाळीच्या सुट्टीआधी पाठव. विहिरींची यादी झाली असेल तर तीही जोड, गावांची नावं मराठीतच असू देत. आईला नमस्कार.

तुझे
सर