चकरा किती, चेंडू किती?

वाचकांचे प्रश्न : मुलांचा फुटबॉल

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. एका अकादमीत मैदानाच्या दहा चकरा आणि मग अर्धा तास कोनमधून (जमिनीवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूंमधून) चेंडू नेणं. दुसरीकडे मुलं नुसत्या छोट्या मॅच खेळतात. शिकवतात काय, तेच कळत नाही. कुठे घालावं? – एक पालक, नंदनवन (नागपूर)

उत्तर : दुसरीकडे, पण आधी एक संध्याकाळ तिथे बसून बघा.

चकरांत वेळ जातो आणि चेंडूला पाय एकदाही लागत नाही. तीन विरुद्ध तीन खेळताना दम तेवढाच लागतो. शिवाय एकदम वेग घेणं, थांबणं, वळणंही होतं. चकरांची पंधरा मिनिटं 'इलेव्हन प्लस किड्स' या वॉर्मअपला द्यावीत. 7 ते 13 वर्षांच्या मुलांसाठीचे हे सात व्यायाम आहेत : एका पायावर तोल, उड्या, इजा न होता पडणं वगैरे. चार युरोपीय देशांत झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते करणाऱ्या संघांच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या.

कोनची अडचण वेगळी. कोन चेंडू हिसकावायला येत नाही, त्यामुळे मुलाला मान वर करायची गरजच पडत नाही. एकच कृती ओळीने वीसदा केली की लगेच सफाई दिसते, पालक खूश होतात आणि पुढच्या मॅचमध्ये त्यातलं फारसं उरत नाही. पास, वळण, ड्रिबल (चेंडू पायाशी ठेवून पुढे नेणं) आलटून-पालटून करवलं तर सराव विस्कळीत दिसतो, चुकाही वाढतात. पण दर वेळी मेंदूला हालचाल नव्याने जुळवावी लागते, म्हणून ती टिकते. नवं काही शिकवताना दहा मिनिटं कोन चालतील.

छोट्या मॅचचंही माप असतं. तीन विरुद्ध तीनसाठी साधारण 25 × 15 मीटर जागा, गोलकीपर नाही, चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, असे चार-पाच डाव. जागा मोठी झाली तर नुसती धावपळ होते, फार लहान झाली तर नडग्यांवर लाथा बसतात. नियमही बदलायला हवेत : कधी चेंडूला दोनच स्पर्श, कधी चार गोलपोस्ट. आणि सर बाहेरून सतत "पास कर, पास कर" ओरडत असतील, तर निर्णय मुलगा घेतच नाहीये.

"फुटबॉलने बुद्धी वाढते" अशा जाहिरातीवर मात्र भाळू नका. 2012 च्या एका स्वीडिश अभ्यासात वरच्या लीगचे खेळाडू नियोजनाच्या चाचण्यांत सरस निघाले. पण ते खेळून तसे झाले, की मुळात तसे होते म्हणून वर पोहोचले, हे त्यातून ठरत नाही.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीकडून रोज वीस-पंचवीस हेडर (डोक्याने चेंडू मारणं) करवून घेतात. चालेल का? – एक आई, कामठी

उत्तर : नाही, थांबवायला सांगा. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने 2015 मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं. इंग्लंडमध्ये 2020 पासून प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडिंग नको असा सल्ला आहे. 2019 च्या ग्लासगोच्या अभ्यासात माजी व्यावसायिक खेळाडूंमध्ये मेंदू झिजण्याच्या आजारांनी होणारे मृत्यू सर्वसामान्य लोकांच्या साडेतीन पट आढळले. ते मोठे, वर्षानुवर्षं खेळलेले पुरुष होते, तो आकडा मुलीला जसाच्या तसा लावता येत नाही. पण लहानपणी मान कमकुवत असते, आणि या वयात हेडर शिकली नाही म्हणून काही बिघडत नाही. छातीवर, मांडीवर चेंडू घ्यायला शिकवा. चेंडू 4 नंबरचाच हवा.

डोक्याला मार बसून डोकं दुखलं, गरगरलं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही. वारंवार उलटी, झटका, वाढती गुंगी दिसली तर थेट इस्पितळ.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलंय, खेळून आल्यावर ठणकतं. – एक पालक, मानकापूर

उत्तर : बहुधा ऑसगुड-श्लाटर, म्हणजे वाढत्या वयातलं गुडघ्याचं दुखणं, तरी डॉक्टरांना एकदा दाखवा. हाड झपाट्याने वाढतं, मांडीचा स्नायू मागे राहतो आणि त्याचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) नडगीच्या कोवळ्या भागाला ओढत राहतो. दर महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी, अनवाणी, भिंतीला टेकवून उंची मोजा. महिन्याला 0.6 सेंमीच्या वर वाढ दिसली की उड्या, स्प्रिंट आणि जोरदार किक कमी करा. पासिंग चालू द्या. दुखणं दहापैकी तीन गुणांपर्यंत असेल तर खेळू द्या, लंगडत असेल तर थांबवा. आपल्याकडची काळी माती वाळली की दगडासारखी होते, तिच्यावर लांब स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट नकोत. छोट्या रबरी गोळ्यांचे घ्या. रात्री झोपेत दुखलं, सांधा सुजला, किंवा लंगडताना मांडीच्या सांध्यात दुखलं तर ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे नेण्यात दिरंगाई नको.

प्रश्न : मे महिन्यात समर कॅम्पला पाठवावं का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : सकाळी सहा ते साडेसात असेल तरच. नागपुरात पारा 45 च्या पुढे गेला की कृत्रिम टर्फ संध्याकाळीही भाजतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी अर्धा-पाऊण ग्लास पाणी द्या. मूल बरळायला लागलं किंवा तोल गेला, तर सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.