माजी सैनिकांची बेरोजगारी: आकडा वाचताना

अरे, 'माजी सैनिकांत २९ टक्के बेरोजगार' हा तू पाठवलेला आकडा खोटा नाही, पण अर्धाच आहे. अमेरिकेत २०११ साली, २००१ नंतर सेवेत असलेल्या १८ ते २४ वयाच्या पुरुष माजी सैनिकांचा बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. त्याच वयाच्या, सैन्यात न गेलेल्या पोरांचा १७.६. आणि सगळ्या माजी सैनिकांचा मिळून ८.३! आधी वय बघ, मग मथळा लिही. शिवाय एवढ्या लहान गटाचा महिन्याचा आकडा उड्या मारतो, वर्षाची सरासरी घेत जा.

आता बेरोजगारीचा दर काढताना भागाकारात वर काम शोधणारे; खाली कोण, ते बघ. काम करणारे आणि काम शोधणारे, एवढेच. आमच्या गल्लीतले हवालदार अडतिसाव्या वर्षी पेन्शनीत आले. मोहोळकडे दोन एकर ऊस बघतात, म्हणून ते रोजगारात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोकरीसाठी नाव मात्र अजून नोंदलेलं. नोंदणीची यादी म्हणजे बेरोजगारांची यादी नव्हे, ही चूक मीही केलीय. दुसरे एक जण चार ठिकाणी नकार ऐकून घरी बसले. शोधणंच सोडल्यावर ते दरातून गायब.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका गेटवर काठी घेऊन उभा असलेला माणूस पलटणीत सतरा वर्षं वायरलेस दुरुस्त करायचा. आकड्यात तो 'रोजगारात' आहे. पगार किती, हे तू त्याला विचार. चहा पाज आधी.