आधी मिनिटं विचार

प्रिय मुली,

काल फुटबॉलच्या प्रॅक्टिसनंतर पार्किंगमध्ये गाडीचं दार अर्धं उघडं ठेवून तू रडत होतीस आणि मी नुसतं "उद्या बोलू" म्हणाले. रात्रभर ते मनाला खात राहिलं, म्हणून लिहितेय.

एकीकडे मोठ्या नावाचं विद्यापीठ, थोडीशी स्कॉलरशिप आणि कोचचं "पहिली दोन वर्षं शिकून घे." दुसरीकडे छोटं कॉलेज. त्यांना लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूला बचाव करणारी खेळाडू, हवीच आहे, ऑगस्टपासून खेळवतो म्हणतात. बाबांना पहिलं हवंय. मी एवढंच विचारते: मैदानात खेळायला मिनिटं किती मिळणार?

कॉलेजचा सीझन ऑगस्ट ते नोव्हेंबर, सामने 20 च्या आसपास. चार वर्षांचे मिळून 80. त्यातले निम्मे बाकावरून बघणार आहेस? बाबा म्हणतात, नाही जमलं तर ट्रान्स्फर घेऊ. अगं, जी खेळलीच नाही तिला घेणार कोण?

अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाची कार्ली लॉइड आपल्या न्यू जर्सीचीच, डेलरनची. ती लांब कुठे गेली नाही, इथल्याच रटगर्स विद्यापीठाकडून खेळली आणि तिथे 50 गोल केले. मधे 21 वर्षांखालच्या राष्ट्रीय संघातून तिला काढलं होतं. तरी खेळायला तिचं स्वतःचं मैदान होतं, रटगर्सचं. 2015 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जपानला पहिल्या 16 मिनिटांत तीन गोल मारले, ती हीच.

तुला प्रो व्हायचंय ना? एनडब्ल्यूएसएलने, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या प्रो लीगने, 2024 मध्ये ड्राफ्टच बंद केला, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने कॉलेजच्या खेळाडू निवडायची पद्धत. आता क्लब आणि खेळाडू थेट करार करतात. क्लबवाले तुझे सामने मागतील. बाकावरच्या मुलीने कोणते सामने पाठवायचे?

आपल्या क्लबमध्ये एक मुलगी होती, तुझ्याआधीची. डावा पाय तुझ्यापेक्षा सरस. तिला मोठ्या नावाच्या कॉलेजात जा म्हणून मीच सांगितलं. थँक्सगिव्हिंगला भेटायला आली, तेव्हा बूट पिशवीतून काढून दाखवले. नोव्हेंबर संपत आला होता आणि तळाचे स्टड नवेकोरे. दुसऱ्या वर्षानंतर तिने फुटबॉल सोडला.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे फुटबॉलचे सामने बघत वाढले. पोरांसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचे, पण स्वतः त्या मैदानात कधी उतरले नाही. त्यामुळे मोठ्या नावाची भूक माझी होती, तिची नव्हती. तेव्हा कुणीही तेच सांगितलं असतं. तिचे आईवडील खूश होते, क्लबमध्ये पेढे वाटले होते. माझा हेतू वाईट नव्हता, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण मिनिटं विचारायला हवी होती, आणि ती मी विचारली नाहीत.

म्हणून तुझ्यावर चिडते. सामन्यात चेंडूसाठी कुणाच्याही अंगावर जातेस, आणि कोचला एक प्रश्न विचारायला लाजतेस! आज दोन्ही कोचना मेल कर. तुमच्याकडे लेफ्ट बॅक किती, त्या कितव्या वर्षाला आहेत, आणि गेल्या सीझनला पहिल्या वर्षाच्या मुलींना किती मिनिटं मिळाली? आकडा माग. "बघू", "मेहनतीवर आहे" असं उत्तर आलं तर पुन्हा विचार.

बाबांशी मी बोलते. शनिवारी मॅचनंतर घरी ये, तुझ्या आवडीची साबुदाण्याची खिचडी करते. मेलची उत्तरं सोबत घेऊन ये.

तुझी,
मावशी