पिंग चालतो, पण लॉगिन होत नाही: रॅम आणि स्वॅप दोन्ही भरल्यावर हँग होणाऱ्या सर्व्हरचं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: ४ जीबी रॅम आणि २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असलेला लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर एक वेबसाइट आणि तिचा डेटाबेस. दर चार-पाच दिवसांनी तो हँग होतो. पिंगला ("आहेस का?" या नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर येतं, एसएसएच (दुरून लॉगिन) मात्र लटकून राहतं, शेवटी रीस्टार्ट मारावा लागतो. ग्राफमध्ये रॅम आणि स्वॅप दोन्ही काठोकाठ भरलेले दिसतात. मग स्वॅप ८ जीबी करू का?

इतक्यात नका करू. मी केला होता, म्हणून सांगतो. माझा सर्व्हर आधी दहा-पंधरा मिनिटं अडकायचा, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) कुठल्यातरी प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, बळी घ्यायचा आणि गाडी आपोआप रुळावर यायची. स्वॅप चौपट केल्यावर तोच सर्व्हर दोन-दोन तास अडकायला लागला. कारण आता संथ डिस्कवरची ८ जीबी जागा भरेपर्यंत कर्नलला "मेमरी संपली" असं वाटतच नव्हतं.

तुमचा सर्व्हर मेलेला नाही, तो धापा टाकतोय. रॅममधून काही वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. तेच एसएसडीवरून आणायला हजारपट आणि फिरत्या डिस्कवरून लाखपट वेळ लागतो. रॅम भरली की कर्नल एका प्रोसेसची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) बाहेर काढतं, लगेच तीच पानं दुसऱ्या कुणाला हवी असतात, म्हणून परत आत आणतं. सगळा वेळ या ने-आणीत जातो, याला थ्रॅशिंग म्हणतात. पिंगला उत्तर खुद्द कर्नल देतं आणि कर्नलचा कोड स्वॅपमध्ये जात नाही, म्हणून पिंग चालतो. एसएसएचला मात्र नवीन प्रोसेस काढावी लागते, शेल लोड करावी लागते, पासवर्ड तपासावा लागतो, आणि यातल्या प्रत्येक पायरीला डिस्कच्या रांगेत उभं राहावं लागतं.

"मग स्वॅप बंदच करून टाका" असा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. त्यानेही हँग होणं थांबत नाही. चालू प्रोग्रॅमचा कोड डिस्कवरच्या फाइलमधूनच आलेला असतो, त्यामुळे स्वॅप नसला तर कर्नल ती कोडची पानं फेकून देतं आणि पुढच्याच क्षणी पुन्हा वाचतं. थ्रॅशिंग तेच, फक्त स्वॅपच्या ग्राफवर दिसत नाही. स्वॅपीनेस (कर्नलने स्वॅपकडे किती कल ठेवायचा ते ठरवणारा आकडा) ६० वरून १० वर आणण्याच्या सल्ल्याचंही तसंच. रॅम अपुरीच पडत असेल तर या आकड्याने फार काही बदलत नाही. २ जीबी स्वॅप आहे तो राहू द्या.

आता कारण शोधू. रीस्टार्टनंतर सगळ्यात आधी मागच्या बूटचा कर्नल लॉग काढा (जर्नलसीटीएलला उणे के आणि उणे बी उणे १ हे पर्याय देऊन). त्यात "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस" अशी ओळ सापडली, तर ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) धावला होता. पण ज्याला मारलं तोच गुन्हेगार असं समजू नका. ओओएम किलर मुख्यतः कोण किती मेमरी धरून बसलाय एवढंच बघतो, आणि तुमच्याकडे सगळ्यात मोठी प्रोसेस बहुतेक डेटाबेसची असणार. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या ओळीच्या वर त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसचा अख्खा तक्ता छापलेला असतो, तो वाचा. तिथे एक खोच आहे: तक्त्यातला आरएसएसचा (प्रोसेसने प्रत्यक्ष धरलेल्या रॅमचा) आकडा किलोबाइटमध्ये नसतो, पानांमध्ये असतो. नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर एक पान ४ केबीचं, म्हणून चारने गुणा. मी पहिल्यांदा हा तक्ता वाचला तेव्हा सगळ्यांची बेरीज रॅमच्या पावपटच भरत होती आणि एक पूर्ण संध्याकाळ मी कर्नलवर संशय घेण्यात घालवली.

तशी ओळ लॉगमध्ये नसेल, तर ओओएम किलरची पाळी येण्याआधीच तुम्ही रीस्टार्ट मारलात. मग पुढच्या वेळेसाठी पाळत ठेवा. एटॉप (प्रोसेसची नोंद ठेवणारं साधन) बसवून नोंद दर मिनिटाला करा, किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) दर मिनिटाला पीएसची, म्हणजे चालू प्रोसेसची, आरएसएसनुसार लावलेली यादी आणि व्हीएमस्टॅट या मेमरी-स्वॅपची हालचाल दाखवणाऱ्या कमांडच्या दोन-तीन ओळी एका फाइलला जोडत जा. ऐन हँगमध्ये ही नोंदसुद्धा अडकेल, पण खंड पडण्याआधीच्या शेवटच्या पाच-सहा नोंदीच कामाच्या असतात.

व्हीएमस्टॅटची पहिली ओळ सोडून द्या, ती बूट झाल्यापासूनची सरासरी असते. माझ्या फाइलमधली शेवटची ओळ साधारण अशी होती: बी १९, एसआय ८४००, एसओ ७९००, डब्ल्यूए ९१. म्हणजे १९ प्रोसेस डिस्कची वाट बघत अडकलेल्या, दर सेकंदाला सुमारे ८ एमबी स्वॅपमधून आत आणि जवळजवळ तेवढंच बाहेर, आणि प्रोसेसरचा ९१ टक्के वेळ नुसता ताटकळण्यात. स्वॅप भरलेला दिसणं हा एकट्याने आजार नव्हे. महिनाभर न वापरलेली पानं तिथे निवांत पडलेली असू शकतात. एसआय आणि एसओ दोन्ही एकदम सतत वाहत असतील, तेव्हा घाबरायचं. तसंच फ्री कमांडमध्ये "फ्री"चा रकाना बघू नका, "अव्हेलेबल"चा बघा.

माझ्याकडे गुन्हेगार निघाला एक साधा क्रॉन जॉब. दर पाच मिनिटांनी तो फोटोंच्या छोट्या प्रती बनवायचा. एरवी मिनिटभरात संपायचा, पण एखाद्या दिवशी मोठे फोटो चढले की पाच मिनिटं पुरायची नाहीत, तोवर दुसरी प्रत सुरू व्हायची, मग दोघी मिळून आणखी संथ, मग तिसरी. पीएसच्या यादीत एकच नाव ३१ वेळा दिसलं तेव्हा कपाळावर हात मारला. आधीची प्रत चालू असेल तर नवी सुरूच होऊ नये म्हणून एफलॉक ही कुलूप लावणारी कमांड लावली आणि प्रश्न मिटला. रॅम एक एमबीनेही वाढवावी लागली नाही.

तुमच्याकडे वेबसाइट आहे, म्हणून आधी एक गुणाकार करा. पीएचपी-एफपीएममध्ये (साइटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या सर्व्हिसमध्ये) मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एका वेळच्या वर्कर प्रोसेसची कमाल संख्या, ५० ठेवलंय आणि प्रत्येक वर्कर ८० एमबी खातोय, असं धरा. ५० गुणिले ८० म्हणजे ४००० एमबी. त्यावर इनोडीबीचा बफर पूल (डेटाबेसने रॅममध्ये राखलेली जागा) १ जीबी. म्हणजे गर्दीच्या दिवशी हा सर्व्हर हँग होणार हे कॉन्फिग फाइलमध्येच लिहून ठेवलंय. डेटाबेस आणि सिस्टिमचे मिळून दीड जीबी बाजूला काढले, तर वर्करना साधारण अडीच जीबी उरते. तिथे २५ चा आकडा शोभतो. (वर्करमधली सामायिक मेमरी आरएसएसमध्ये पुन्हा पुन्हा मोजली जाते, त्यामुळे खरा खर्च थोडा कमी असतो, पण चूक सावधगिरीच्या बाजूने झालेली बरी.) जास्त गर्दी झाली तर काही लोक रांगेत थांबतील, चालेल. सगळ्यांसाठीच साइट बंद पडण्यापेक्षा ते परवडलं.

कारण सापडेपर्यंत सर्व्हर जगवायचा असेल तर अर्लीओओएम हा छोटा राखणदार प्रोग्रॅम बसवा. उपलब्ध रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की तो सर्वात वजनदार प्रोसेसला आधी सभ्यपणे बंद व्हायला सांगतो, दोन्ही ५ टक्क्यांच्या खाली गेले की सरळ मारतो. कुणाला आधी मारायचं आणि कुणाला शक्यतो वाचवायचं हे प्रेफर आणि अव्हॉइड या पर्यायांनी सांगता येतं. डेटाबेसचं नाव अव्हॉइडमध्ये घालायला विसरू नका. शिवाय ज्या सर्व्हिसवर संशय आहे तिच्या सिस्टिमडी युनिटमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) मेमरीमॅक्स आणि मेमरीस्वॅपमॅक्स या रॅम आणि स्वॅपच्या मर्यादा घाला. मग ती फुगली तर तिच्याच हद्दीत मरेल, शेजाऱ्यांना घेऊन जाणार नाही. मला स्वतःला हाच उपाय सगळ्यात जास्त पटतो.

कर्नल ४.२० किंवा त्यापुढचं असेल तर प्रोकखालच्या प्रेशर फोल्डरातली मेमरी नावाची फाइलही बघत जा. त्यातल्या "फुल" ओळीत एव्हीजी१० समोर ४० दिसलं, तर गेल्या १० सेकंदांतला ४० टक्के वेळ मशीनवरचं सगळंच काम मेमरीसाठी खोळंबलं होतं. अलार्म लावायचा तर या आकड्यावर लावा, स्वॅपच्या टक्क्यांवर नको. काही डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या प्रकारांमध्ये) ही फाइल असूनही वाचता येत नाही, तिथे बूटच्या ओळीत पीएसआय=१ घालावं लागतं.

ऐन हँगच्या वेळी कन्सोल हाताशी असेल तर रीस्टार्टआधी ऑल्ट, सिसआरक्यू आणि एफ दाबून बघा. त्याने ओओएम किलर हाताने चालवता येतो. मात्र ही परवानगी बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये बंद असते. कर्नल.सिसआरक्यूच्या आकड्यात ६४ मिळवलेले असले पाहिजेत, आणि ते आजच करून ठेवा, कारण हँग झाल्यावर करता येणार नाही.

हे सगळं करूनही सगळ्या प्रोसेसची बेरीज वापरलेल्या मेमरीपेक्षा बरीच कमी भरत असेल, तर मेमरी प्रोसेसकडे नाहीच. आधी डीएफ कमांड मारून टेम्पएफएस (रॅममध्येच राहणारी फाइलसिस्टिम) बघा, टेम्प फोल्डर रॅममध्येच असेल तर तिथली विसरलेली एखादी बॅकअप फाइलसुद्धा रॅमच खात असते. ते नसेल तर स्लॅबटॉप उघडा, त्यात खुद्द कर्नलने धरलेली मेमरी दिसते.