क्रायसिस क्रायसिस म्हणतात तो नक्की कुठला?

प्रश्न: ताई, आमच्या ऑफिसात रोजच क्रायसिस असतो. सकाळी डोळे उघडून मोबाईल बघावा तर ग्रुपवर सरांचा मेसेज, लाल सायरनचा इमोजी लावून, "क्रायसिस आहे, सगळे लगेच कॉलवर या". धावतपळत कॉलवर जावं तर कळतं की प्रेझेंटेशनमधल्या तिसऱ्या स्लाइडवर जुना लोगो राहिलाय. मध्ये एकदा मात्र खरंच सर्व्हर बसला, ग्राहकांचा डेटा दिसेना, तेव्हा निम्मी मंडळी आंघोळबिंघोळ उरकून निवांत उगवली, कारण सिरियस असेल असं कुणाला वाटलंच नाही. तर क्रायसिस म्हणायचं कशाला याची काही व्याख्या बिख्या आहे का?
— सायरनला कंटाळलेला

उत्तर: आहे की. चार्ल्स हर्मन म्हणून एक अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ, त्याने १९६३ मध्ये संस्थांवर येणाऱ्या क्रायसिसची तीन लक्षणं सांगितली. जे सगळ्यात महत्त्वाचं तेच धोक्यात येतं, निर्णयाला वेळ फार थोडा असतो, आणि प्रकार अनपेक्षित असतो. यातली पहिली दोन मला एकदम पटतात पण तिसरं काही पटत नाही बुवा, कारण कितीतरी क्रायसिस लांबून चालत येताना दिसत असतात. २००८ च्या आर्थिक क्रायसिसचंच बघा ना, अमेरिकेत घरांच्या किमती आधीपासूनच घसरत होत्या, मार्चमध्ये बेअर स्टर्न्स ही मोठी बँक बुडता बुडता दुसरीच्या गळ्यात बांधली गेली, म्हणजे इशारे होतेच, तरी १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या आणखी एका मोठ्या बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जगभर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तिसऱ्याच्या जागी मी दुसरं लक्षण घालीन: नेहमीचा उपाय लागू पडत नाही. हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच लोक विसरतात. १३ एप्रिल १९७० ला अपोलो १३ यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा यान पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून जास्त लांब होतं. तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात येऊन बसले, ते बनवलेलं दोन माणसांसाठी आणि तेही दोनेक दिवसांपुरतं. बरं टाकी फुटली हा झाला अपघात. पुढे काय झालं, की श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड साठायला लागला, तो शोषून घेणारे डबे मुख्य यानात होते पण ते चौकोनी आणि छोट्या यानातली जागा गोल, म्हणजे सामान आहे, माणसं हुशार आहेत, पण ठरलेली पद्धत चालत नाही आणि हवा तर दर तासाला खराब होतेय. मी क्रायसिस म्हणते तो हा. शेवटी जमिनीवरच्या इंजिनिअर लोकांनी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, सूटची नळी आणि चिकटपट्टी यांचा जुगाड जमवला, त्याची रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवली, वरच्यांनी तसाच बनवला आणि १७ तारखेला तिघेही सुखरूप उतरले.

तुमचा लोगो दोन मिनिटांत बदलतो, कसा बदलायचा हे सगळ्यांना माहीत आहे, तर ते काम झालं, फार तर घाईचं काम. सर्व्हरचं मात्र बघावं लागेल. बॅकअप लावून तासाभरात चालू झाला असेल तर बिघाड म्हणा, बॅकअपही उघडेना आणि तिकडे ग्राहक खोळंबलेत असं असेल तर खुशाल सायरन लावा. पुढच्या कॉलवर सरांना शांतपणे विचारा, सर नक्की काय धोक्यात आहे, किती वाजेपर्यंत ठरवायचंय, आणि नेहमीसारखं केलं तर का नाही जमणार? चिडतील. पण दोनचारदा विचारलंत की ते स्वतःच मेसेज टाकायच्या आधी थबकतील. इमोजीला पैसे पडत नाहीत हाच खरा प्रॉब्लेम आहे.

प्रश्न: आई गेली काही वर्षं अंथरुणाला खिळून आहे, तिचं सगळं मीच करते. मैत्रीण म्हणते तू कायम क्रायसिसमध्ये जगतेयस. ऐकून बरंही वाटतं आणि रागही येतो. खरंच तसं आहे का?
— एक लेक

उत्तर: राग येणं बरोबर आहे, कारण तुम्ही रोज जे निभावताय ते त्या एका शब्दात बुडून जातं. जेराल्ड कॅप्लन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६४ च्या पुस्तकात मांडलंय की माणसाच्या नेहमीच्या युक्त्या संपतात, ताण चढत जातो आणि तोल सुटतो, तो क्रायसिस, आणि ही अवस्था साधारण चार ते सहा आठवडे टिकते. त्यापुढे माणूस इकडे किंवा तिकडे, चांगल्या किंवा वाईट रीतीने, कुठेतरी स्थिरावतोच. म्हणजे वर्षानुवर्षं चाललेला तो भार. तो हलका असतो असं अजिबात नाही, उलट कधीकधी जास्त मोडतो, पण त्याला लागणारी मदत वेगळी: ठरलेल्या वाराला कुणीतरी येणं, तुम्हाला सलग झोप मिळणं, खर्चात वाटेकरी असणं.

आणि या भाराच्या पोटात अधूनमधून खरे क्रायसिस येतात. मदतीची बाई अचानक काम सोडते, आईला रात्री श्वास लागतो आणि नेहमीच्या औषधाने उतरत नाही, किंवा तुम्हीच तापाने पडता. तेव्हा मैत्रिणीला हाक मारायची, तीही "ये, आज रात्री थांब" अशी नेमकी. कॅप्लनचं म्हणणं असं होतं की तोल गेलेल्या दिवसांत माणूस मदत जास्त लवकर घेतो आणि थोडक्या आधारानेही बराच फरक पडतो. त्याच्या आधी बॉस्टनमध्ये १९४२ साली कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली, त्यात ज्यांची माणसं गेली त्यांच्यासोबत एरिक लिंडेमान या डॉक्टरने काम केलं, आणि त्यावरचा त्याचा १९४४ चा लेख या सगळ्या विचाराचा पाया मानला जातो.

प्रश्न: भाऊ म्हणतो आणीबाणी मोठी, मी म्हणते क्रायसिस मोठा. पैज लागलीय. कोण जिंकलं?
— धाकटी

उत्तर: भुकेपुरतं बोलायचं तर भाऊ. अन्नटंचाई मोजायची आयपीसी नावाची एक आंतरराष्ट्रीय पट्टी आहे, तिला पाच पायऱ्या. तिसरी क्रायसिस, चौथी आणीबाणी, पाचवी दुष्काळ. पाचवीला आकडे ठरलेत: किमान २० टक्के घरांत अन्नाचा टोकाचा तुटवडा, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित आणि दर १०,००० माणसांमागे रोज दोन मृत्यू. म्हणजे एवढे मृत्यू मोजून झाल्यावर शिक्का बसणार! सोमालियात जुलै २०११ मध्ये दुष्काळ जाहीर झाला, त्यात एकूण जे गेले त्यातले जवळपास निम्मे जाहीर व्हायच्या आधीच गेले होते. म्हणून मदत करणारे लोक सांगतात की तिसऱ्या पायरीवरच हातपाय हलवा. साथीच्या रोगांचं वेगळं, तिथे जागतिक आरोग्य संघटना थेट आणीबाणीच जाहीर करते, कोविडची केली ३० जानेवारी २०२० ला. तिथेही तुमची पायरी नाही, तेव्हा पैजेचे पैसे काढा.